गेले म्हणजे कुठे गेले

मंडईच्या मागच्या गल्लीत
पावशेर चिंचोके घेतले.
कशाला, खळ करायला? दुकानदार म्हणाला.
म्हटलं, वजाबाकीला.
त्याने मूठभर वरून घातले.

अप्परच्या बसमध्ये पिशवी मांडीवर,
प्रत्येक वळणाला आतून खुळखुळ,
मधल्या सुट्टीआधीची पहिलीची तुकडी जणू.

सकाळी पन्नास मोजून
श्रीखंडाच्या डब्यात भरले.
तेवीस मुलं, एक सतरंजी,
खिडकीबाहेर काँक्रीटचा मिक्सर गुरगुरतोय.
सात चिंचोके मांडते, चकचकीत, तपकिरी,
मध्ये बोटभर अंतर.
तीन उचलते. मूठ मिटते.
किती उरले?

बावीस तोंडं: चाऽऽर.
बुशरा थांबते, मग म्हणते, सात.
पुन्हा मांडते, पुन्हा उचलते.
सात.
अगं, तीन गेले ना?
कुठे गेले? तुमच्या मुठीत तर आहेत.

वीस वर्षं मी ‘गेले’ म्हणतेय,
कुठे ते कुणी विचारलं नव्हतं.
पटावर पंचवीस नावं आहेत.
दिवाळीनंतर दोघं आलीच नाहीत,
साइट बदलली त्यांच्या आईबापांची,
वाघोली का चाकण, नक्की कुणालाच ठाऊक नाही.
शेऱ्याच्या रकान्यात मीच लिहिलंय
बारीक अक्षरात: गेली.

तीन कंपासपेटीत टाकले, झाकण लावलं.
बुशराने पेटी कानाशी हलवली.
वाजतायत.
तीन खिडकीतून भिरकावले.
ती टाचा उंचावून बघत राहिली.
एक रिक्षाखाली गेला. दोन दिसतायत.

मग माझ्या डब्यातले भाजलेले शेंगदाणे काढले.
सात मांडले, यल्लेशला म्हटलं, तीन खा.
त्याने तीन खाल्ले, मग चौथा,
मग माझ्याकडे बघत बघत
उरलेले तीनही.
बाकी शून्य! वर्ग लोळला हसून.
बुशराने फक्त त्याच्या पोटाकडे बोट केलं.

जेवणानंतर काड्यांचे गठ्ठे.
दहा काड्या, एक रबर.
बारातून पाच न्यायचेत,
सुट्या तर दोनच.
आता दशकदादाकडून उसने घेऊ, म्हटलं,
रबर काढला,
दहा काड्या सतरंजीभर मोकळ्या झाल्या.
संघर्षने हात वर केला.
बाई, परत कधी द्यायचे?
द्यायचे नसतात रे.
मग उसने कसे?
आमची आई वाटीभर साखर आणते शेजारून,
पगार झाला की देते.
रबर माझ्या बोटाभोवती तसाच,
बोट लाल होईपर्यंत.
पुस्तकात त्या पानावर
फक्त हसऱ्या हत्तीचं चित्र आहे.

शेवटच्या तासाला पाट्या.
बुशराने लिहिलं, सातातून तीन, चार.
अगदी बरोबर, आकडासुद्धा वळणदार.
आणि कोपऱ्यात एक मूठ काढली,
अंगठा जरा मोठाच झालेला,
आत तीन ठिपके.
हे पुसू? तिनेच विचारलं.
राहू दे म्हटलं.
(उद्या पाटी धुतली जाणारच आहे,
पण ते मी कशाला सांगू.)

घंटा झाली. मिक्सरही थांबला.
सतरंजी झटकली, चिंचोके गोळा केले, मोजले.
सत्तेचाळीस हवे होते.
सेहेचाळीस भरले.
परत मोजले, सतरंजी उलटी करून पाहिली,
सेहेचाळीस.

दारात बुशरा,
पाठीवर दप्तर, एक चप्पल हातात,
दुसरा हात फ्रॉकच्या खिशात खोल.
येते बाई, म्हणाली.
ये, म्हटलं,
आणि डब्याचं झाकण लावलं.